चिंचेच्या पाण्यातले शंख

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात दोनशे बारा शंख-शिंपले होते आणि त्यांना सांभाळणारा एक सहादू भोये होता. शंखांची नोंद जाड पुठ्ठ्याच्या रजिस्टरात होती. सहादूची नोंद हजेरीपटावर, प्रयोगशाळा परिचर म्हणून. मी त्या विभागात १९९१ साली शिकवायला लागले तेव्हा मला वाटलं होतं, यातलं रजिस्टर महत्त्वाचं.

समुद्र नाशिकपासून चांगला लांब. इथल्या पोरांनी पाणी पाहिलेलं ते रामकुंडाचं, फार तर गंगापूर धरणाचं. त्यामुळे देवळाली कॅम्पच्या शाळेतून नाहीतर दिंडोरीकडच्या एखाद्या आश्रमशाळेतून मुलं आमचं म्युझियम बघायला आली, की आधी हाडांच्या सांगाड्याकडे धावत, मग फॉर्मालिनमधलं दोन तोंडांचं करडू बघत, आणि शेवटी शंखांच्या काचेला नाकं लावून उभी राहत. ती गेली की सहादू फडकं घेऊन काचेवरचे नाकांचे ठसे पुसायचा. पुसताना मोजायचा. "आज चौतीस नाकं," असं तो मला सांगायचा, आणि चाळीसच्या वर गेली तर त्या दिवशी खुशीत असायचा.

सहादू मूळचा पेठच्या पुढच्या एका पाड्यावरचा, कोकणा जमातीतला. दुसरी शिकलेला. उंचीने कमी, पण खांदे असे, की फॉर्मालिनचा डबा तो एका हाताने उचलायचा. विद्यार्थी त्याला मामा म्हणत, म्हणून मीही सहादूमामा म्हणायचे. तोंडावर 'तुम्ही' म्हणायचे, पण मनात त्याला किती मोजत होते ते पुढे येईलच.

हा सगळा संग्रह रंगनाथ सरांनी उभा केलेला. सर माझ्या आधी विभागप्रमुख होते. पंचवीस वर्षं ते मुलांच्या सहली घेऊन हर्णै, मालवण, ओखा, रामेश्वर असे फिरले. आणलेल्या प्रत्येक शंखावर त्यांनी बारीक टाकाने काळ्या शाईत नंबर घातला. त्या नंबरापुढे रजिस्टरात नाव, ठिकाण, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात संकलकाचं नाव. तो रकाना वरपासून खालपर्यंत एकाच नावाने भरलेला होता, रंगनाथ सरांच्या.

पण एकदा सरांनीच मला हसत सांगितलं होतं, "अहो, मी खडकावर पँट दुमडून उभा राहायचो. पाण्यात सहादू." भाताच्या खाचरात बांधाखाली हात घालून खेकडे पकडत वाढलेला माणूस तो. कुठल्या दगडाखाली काय असेल ते त्याच्या बोटांना कळायचं. स्टोव्ह, तांदळाचं पोतं आणि भांडी वाहायला म्हणून सर त्याला पहिल्या सहलीला घेऊन गेले, आणि पुढे त्याच्याशिवाय गेलेच नाहीत.

पहिल्यांदा समुद्र बघून काय वाटलं, असं मी त्याला विचारलं होतं. मला काहीतरी छान ऐकायचं होतं. तो म्हणाला, "येवढं पाणी, बाई, आणि एक खाचर लावता येत नाय."

शंखांची लॅटिन नावं त्याला येत नव्हती, पण त्याची स्वतःची होती. काटे काटे असलेल्या लांबट शंखाला तो फणी म्हणायचा, पसरट शिंपल्याला सूप, टोकदार गोल शंखाला भोवरा. ठिपक्यांच्या मोठ्या कवडीला वाघ्या. वाघ्या सात होते आणि मला ते सातही एकसारखे दिसायचे. तो मात्र दर शनिवारी बकरीच्या केसांचा स्वतः बांधलेला कुंचला घेऊन बसायचा, एकेक उचलायचा, श्वास रोखून धूळ झाडायचा आणि जागच्या जागी ठेवायचा. पाणी लावायचं नाही, अशी सरांची ताकीद होती. ती त्याने डोळ्यांत तेल घालून पाळली.

सर निवृत्त झाले आणि वर्षभरात वारले. म्युझियम माझ्याकडे आलं. मला तेव्हा कामाची फार घाई असायची, आणि घाई असलेल्या माणसाला आपण फार महत्त्वाचे आहोत असं वाटत असतं. मला ते वाटत होतं.

१९९८ साली दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी विद्यापीठाची समिती येणार होती. प्राचार्यांनी सगळ्या विभागांना घाम फोडला होता. आमच्याकडे खंडेनवमीला एरवीही सगळी साफसफाई व्हायची. सूक्ष्मदर्शकं, काटे, चिमटे, कात्र्या पुसून टेबलावर मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं घालायची. सहादू दरवर्षी न सांगता शंखांच्या कपाटालाही एक माळ लावायचा. त्या वर्षी मी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्याला बोलावलं.

"या वेळी वरवर नको, मामा. शंखांवर थर बसलाय, पिवळे पडलेत. सगळे स्वच्छ धुवा."

"शंख पण?"

"शंख पण."

"सर पाणी लावू देत नव्हते, बाई. कुंचल्यानंच करायचो."

"सर आता नाहीत," मी म्हटलं. "आणि समितीला सरांचा कुंचला दिसणार नाही, धूळ दिसेल. दसऱ्याला तांब्याची भांडी दिसतात ना, तसं लखलखीत पाहिजे मला."

तो गेला. पाण्याने पिवळेपणा हटेना. मग कॉलेजच्या कँटीनमधून त्याने ओंजळभर चिंच आणली आणि बादलीत कोळली. तांबं उजळायला घरोघरी जे करतात तेच. त्याची बायको मैना दर दसऱ्याला तेच करायची. पण तो शहाणा माणूस. सगळे एकदम बुडवले नाहीत. एक शंख बुडवून बघितला, आणि जिना चढून मला विचारायला आला.

मी तेव्हा स्टुलावर चढून तक्ते लावत होते. तोंडात टाचण्या होत्या.

"बाई, चिंच लावली तर शंखाला फेस येतोय. चालंल ना?"

मी वळूनही बघितलं नाही. टाचण्यांतून म्हटलं, "येऊ दे. मळ निघत असेल."

शंख म्हणजे चुना. त्यावर आम्ल पडलं की फेस येतो आणि शंख विरघळायला लागतो. हे मी अकरावीच्या मुलांना दरवर्षी फळ्यावर लिहून द्यायचे, वर परीक्षेत विचारायचे. जी गोष्ट अकरावीचं पोर सांगेल ती प्राणिशास्त्राच्या बाईला कळली नाही, कारण बाईंनी ऐकलंच नव्हतं. आवाज कानावर पडला होता, एवढंच. सहादूने संध्याकाळपर्यंत दोनशे बाराच्या दोनशे बारा शंखांना चिंचेच्या पाण्यातून काढलं. वाळल्यावर ते निस्तेज दिसायला लागले, म्हणून चमक यावी यासाठी वरून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. दुसऱ्या दिवशी कपाटाला माळ घातली. मी लांबून बघितलं आणि म्हटलं, झकास.

समितीतले एक गृहस्थ शंखांच्या कपाटापाशी थांबले. बाकीचे सदस्य सांगाड्यापाशी चहाची वाट बघत होते. या गृहस्थांनी काच सरकवायला सांगितली, एक वाघ्या उचलला, उलटा केला, आणि विचारलं, "याचा नंबर कुठंय?"

नंबर नव्हता. दुसरा उचलला, त्यावरही नव्हता. दहा-बारा शंख झाले. मग त्यांनी आपली बोटं एकमेकांवर चोळून बघितली, नाकाशी नेली आणि माझ्याकडे बघितलं. खोबरेलाचा वास मलाही येत होता. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, नंबर नसला की हा संग्रह राहत नाही. जत्रेतलं दुकान होतं."

संध्याकाळी प्राचार्यांच्या खोलीत आम्ही दोघं उभे होतो, मी खुर्चीजवळ आणि सहादू दाराजवळ.

"हे धुवायला कोणी सांगितलं?" प्राचार्यांनी त्याला विचारलं.

सहादूने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, एखादं भांडं खाली ठेवायला लागतो तेवढाच वेळ. मी हातातलं रजिस्टर उघडून त्यात बघायला लागले.

"सांगितलं कोणी नाय, साहेब," तो म्हणाला. "मलाच वाटलं, दसऱ्याच्या आधी धुवावं."

"आणि चिंच?"

"ती पण मीच."

मी रजिस्टराचं पान उलटलं. एक वाक्य बोलायचं होतं. ते मी त्या दिवशी बोलले नाही, दुसऱ्या दिवशीही बोलले नाही, आणि मग ते बोलायची वेळ निघून गेली असं मी स्वतःला सांगून टाकलं. सहादूला मेमो मिळाला. तेहतीस वर्षांच्या नोकरीतला पहिला. आणि त्याची बदली सायकल स्टँडवर झाली. शंख मी कापसात गुंडाळून सहा खोक्यांत भरले आणि खोकी कपाटाच्या वर टाकली.

आठवड्याने तो व्हरांड्यात मला गाठून म्हणाला, "बाई, नंबर गेले म्हणून येवढं काय झालं?"

मला वाटलं, हा आता माझ्याच तोंडून काही वदवून घेणार. मी चिडून म्हटलं, "काय झालं म्हणजे? कुठला शंख कुठून आणलाय ते कसं कळणार आता?"

तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. "मला ठाऊक हाय ना," तो म्हणाला. "आमच्या पाड्यावर पाऊणशे शेळ्या हायेत. नंबर कोणालाच नाय. संध्याकाळी रानातनं आल्या का ज्याची तो वळखून घेतो. तसंच हाय हे. म्हणून तर मी नंबराचं मनावर घेतलं नाय. तुमी वही काढा. मी एकेक हातात घेऊन सांगतो कोणचा कुठला, तुमी लिवा. चार दुपारा लागतील."

तेव्हा मला कळलं, की शाई जाताना त्याने बघितली होती. पण ज्याला प्रत्येक शंख तोंडपाठ होता, त्याला त्या नंबराची गरजच काय वाटणार? नंबर मला लागत होते, त्याला नव्हे.

"बघू," मी म्हटलं. "दिवाळी होऊ दे."

दिवाळी झाली. तो आला. मी म्हटलं, परीक्षा होऊ देत. परीक्षा झाल्या, तो पुन्हा आला. मी म्हटलं, जूनमध्ये बघू. विभागात मी कारण सांगायचे, की दुसरी शिकलेल्या माणसाच्या आठवणीवर कॉलेजचं रेकॉर्ड कसं लिहायचं? हे ऐकून लोक मान डोलवायचे. खरं कारण वेगळं होतं. चार दुपारा त्याच्या समोर बसायची मला भीती वाटत होती. त्याने माझ्या वाटणीची चूक अंगावर घेतली होती आणि त्याबद्दल तो अवाक्षर काढत नव्हता. तो काही बोलला असता, टोमणा मारला असता, तरी मला सोपं गेलं असतं.

त्याला म्युझियममधली जागा परत नको होती. कधी मागितली नाही. त्याला ते शंख परत काचेत गेलेले बघायचे होते, बस. जेवणाच्या सुट्टीत तो नागलीची भाकरी खाऊन वर यायचा, म्युझियमच्या दाराच्या काचेतून रिकाम्या कपाटाकडे बघायचा आणि खाली सायकलींकडे निघून जायचा. जाताना काचेवर त्याच्या नाकाचा ठसा उमटलेला असायचा. तो पुसायला आता कोणी नव्हतं.

२००३ साली तो निवृत्त झाला. निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं आणि मी भाषण केलं. विभागाचा आधारवड वगैरे म्हटलं. त्या शब्दांची मला आजही लाज वाटते. खाली उतरल्यावर तो जवळ आला.

"ती खोकी हायेत ना, बाई?"

"आहेत की."

"पाड्यावर जातोय आता. पण तुमी बोलवा, येईन मी. बस येती पेठ नाक्यापर्यंत."

मी बोलावलं नाही.

पाच वर्षांनी कॉलेजची नवी इमारत झाली. म्युझियमला मोठा हॉल मिळाला, नव्या काचा, आतून दिवे. नव्या प्राचार्यांनी विचारलं, "पूर्वी शंख होते म्हणतात, त्यांचं काय झालं?" खोकी खाली काढली. कापूस पिवळा पडला होता. मी त्या रात्री घरी जाऊन नवऱ्याला पहिल्यांदा सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग जा ना त्यांच्याकडे. मला काय सांगतेस?"

जानेवारीत मी जीप करून गेले. पेठच्या पुढे रस्ता संपला तिथून खोकी दोन पोरांनी डोक्यावर घेतली. सहादू ओट्यावर उन्हात बसला होता. खांदे उतरले होते. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एकाचं ऑपरेशन झालं होतं, पण ते नीट लागलं नव्हतं.

"कोण?" त्याने विचारलं.

"कॉलेजच्या बाई आल्यात," मैना म्हणाली.

"खोकी आणली का?"

त्याने मला बसा म्हणायच्या आधी हे विचारलं.

मी रजिस्टर मांडीवर घेतलं. पहिला शंख त्याच्या हातात दिला. त्याने अंगठ्याने त्याची पाठ चाचपली, टोक चाचपलं, डोळ्यांजवळ नेला. "हर्णै," तो म्हणाला. "सरांची चप्पल वाहून गेली त्या दिवसाचा." दुसरा दिला. "ह्यो ओख्याचा. सरांना ताप भरलेला. दोन दिवस पिशवीतच ऱ्हायला, मंग लिवला." मी रजिस्टर चाळलं. त्या जातीचे ओख्याचे दोनच होते, आणि एकापुढे सरांच्या अक्षरात होतं, नोंद दोन दिवसांनी. माझा पेन थांबला. सगळं खरं होतं. पाच वर्षं हे सगळं सायकल स्टँडवर बसलं होतं, आणि मी रोज माझी लुना तिथेच लावत होते.

पण चौथ्या-पाचव्या शंखाला तो अडला. उलटसुलट केला, नखाने खरवडून बघितला. "ह्याच्यावर बारीक रेघा होत्या," तो म्हणाला. "त्या गेल्या. चिंचेनं खाल्ल्या." बाजूला ठेवला. काही शंख हाताला कळायचे पण गाव आठवायचं नाही. मालवण का रत्नागिरी, असं तो स्वतःशीच पुटपुटायचा, मग मान हलवायचा. मी म्हटलं, अंदाजाने सांगा. तो म्हणाला, "अंदाज नको. सरांच्या वहीत खोटं नको."

दोन दिवस मी तिथे होते. दोनशे बारांपैकी अठ्ठावन्न त्याने ओळखले. सात वाघ्यांपैकी एक. बाकीचे सहा त्याने बराच वेळ मांडीवर घेऊन ठेवले होते.

"तवाच इचारलं असतं तर सगळे सांगितले असते, बाई," तो म्हणाला. रागाने नाही, यंदा वरई कमी आली हे सांगावं तसं.

मग मला राहवलं नाही. "मामा, तुम्ही फेस येतोय म्हणून विचारायला आला होता. येऊ दे, असं मीच म्हटलं होतं."

"मला ठाऊक हाय ते," तो म्हणाला. "मी तिथंच उभा होतो."

"मग तेव्हा साहेबांना सांगितलं का नाही?"

त्याने थोडा विचार केला. "वाटलं, तुमी सांगाल."

मैनाने चहा आणला, तो पिऊन मी निघाले. निघताना त्याने विचारलं, काचेत कधी लागतील? मी म्हटलं, पावसाळ्याच्या आत. या वेळी मी शब्द पाळला, मे महिन्यात शंख लागले. पण सहादू एप्रिलमध्येच गेला होता. मैनाचा निरोप मला तेराव्यानंतर मिळाला.

हॉलमध्ये आता अठ्ठावन्न शंख निळ्या मखमलीवर आहेत, प्रत्येकाखाली नाव, ठिकाण, तारीख. रजिस्टरातल्या शेवटच्या रकान्यात त्या अठ्ठावन्न जागी सरांच्या नावाशेजारी मी सहादू भोये असं लिहिलं. त्यासाठी कोणाची परवानगी काढली नाही. उरलेले एकशे चोपन्न शंख खालच्या एकाच मोठ्या ट्रेमध्ये आहेत, आणि त्यावर एकच चिठ्ठी आहे, ठिकाण अज्ञात.

परवा आश्रमशाळेची मुलं आली होती. एका मुलीने ती चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "बाई, एवढे सगळे कुठले ते कोणालाच माहीत नव्हतं का?"

"माहीत होतं," मी म्हटलं. "मी विचारलं नाही."

ती गेल्यावर मी फडकं घेतलं आणि काचेवरचे ठसे पुसायला लागले. सव्वीस होते.